मध्यंतराचं पाणी

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई अजून निपाणीत विड्या वळते. मी बी.पी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बेळगावच्या एका फुटबॉल क्लबात फिजिओ मॅडमच्या हाताखाली असिस्टंट आहे. म्हणजे स्वतःला प्रोफेशनल म्हणवून घेण्याइतकाही मी अजून झालेलो नाही. पण मॅडम म्हणाल्या, "त्याच्या पाण्याचं तू बघत होतास, तर तूच लिही." म्हणून धाडस करतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कोच सरांनी मीटिंगमध्ये भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "साढ़े तीन नहीं. पाँच बजे." कोच सर गोव्याचे. आमच्याशी हिंदीतच बोलतात. मॅच टीव्हीवर दाखवायची होती, म्हणून वेळ बदलली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सन्मतीकडं बघितलं. तो बुटाची नाडी सोडून परत बांधत होता.

आधी मॅच कसली होती ते सांगतो. आमचा क्लब एकदा वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, मग खाली आला, मग परत वर गेला. गावातली पोरं आम्हाला 'लिफ्ट' म्हणतात. या वर्षी आम्ही वर होतो, पण तळाला. वरच्या डिव्हिजनमधला तळाचा एक संघ आणि खालच्या डिव्हिजनमधला वर यायला बघणारा एक संघ, यांच्यात एकच मॅच होते. तिला प्ले-ऑफ म्हणतात. जिंकेल तो पुढच्या वर्षी वर, हरेल तो खाली. वर असलं की टीव्ही येतो, स्पॉन्सर येतो, मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू बघायला येतात. खाली गेलं की स्पॉन्सर फोन उचलत नाही आणि निम्म्या खेळाडूंचं कॉन्ट्रॅक्ट आपोआप संपतं. सन्मतीचं त्यातलंच होतं.

सन्मती मगदूम आमचा मिडफिल्डर. मूळचा कोगनोळीचा, जैन शेतकरी घरातला. मैदानाच्या मध्यभागी खेळतो म्हणजे पुढंही पळतो आणि मागंही पळतो. संघात सगळ्यात जास्त घाम त्यालाच येतो. हे मला ठाऊक आहे, कारण ते मोजणं हेच माझं काम आहे. प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर मी प्रत्येकाचं वजन करतो. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी अंगातून गेलं, असा सरळ हिशोब. शिवाय लघवीचा रंग विचारतो. लिंबू सरबतासारखा असला तर ठीक, कोऱ्या चहासारखा असला तर पाणी कमी पडलंय. पोरं मला 'चहावाला' म्हणतात, ते यावरूनच.

अडचण अशी होती की तेव्हा चातुर्मास चालू होता. सन्मतीनं मुनी महाराजांकडं चार महिन्यांचा नियम घेतला होता. रात्री अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. साडेतीनची मॅच उजेडात संपली असती. पाचची संपणार नव्हती.

मी त्याला बाजूला घेतलं. "सन्मती, काय करायचं रं?"

"करायचं काय? तू तुझं शास्त्र लाव, मी माझा नियम पाळतो."

"सूर्य बुडायच्या आधी पाणी चालतंय न्हवं?"

"व्हय. आधीच."

मी मोबाईलवर सूर्यास्त बघितला. सहा वाजून गेल्यावर होता. मध्यंतर त्याच्या आधी संपत होतं. मला हायसं वाटलं. मी असं ठरवलं की मॅचआधी त्याला बेतानं पाणी द्यायचं, कारण पोटात पाणी डुचमळलं की पळता येत नाही. आणि मध्यंतराला मीठ-साखर-लिंबाचं पाणी भरपूर द्यायचं. मॅडमनी प्लॅन बघितला आणि म्हणाल्या, "कोचना सांगितल्याशिवाय नाही."

मॅडम आणि मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"तो? बिठा दूँ उसको?" सर म्हणाले.

"नहीं सर. हाफ टाइम में पानी भर देंगे."

"नब्बे मिनट निकालेगा?"

"निकालेगा सर."

"और एक्स्ट्रा टाइम?"

प्ले-ऑफ बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळवतात, त्याला एक्स्ट्रा टाइम म्हणतात. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "नब्बे के बाद निकालना पड़ेगा."

"ठीक है. एक चेंज बचा के रखूँगा." चेंज म्हणजे खेळाडू बदलणं. ते ठरावीकच करता येतात, म्हणून राखून ठेवावे लागतात.

मॅचच्या दिवशी ऊन कमी होतं, पण हवा कोंडलेली होती. गॅलरी भरली होती. सन्मतीचे वडील, त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो, पांढरी टोपी घालून गोलपोस्टच्या मागं बसले होते. खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळानं बॉल बाहेर गेला, तेव्हा सन्मती लाईनीपाशी येऊन एक घोट पाणी पिऊन गेला. नंतर मी दोनदा बाटली दाखवली, त्यानं हात हलवून नको म्हटलं. मला वाटलं, मध्यंतरासाठी जागा ठेवतोय. शहाणा आहे.

मध्यंतराला गोल कुणाचाच नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये मी मोठी बाटली त्याच्यापुढं धरली.

"हे काय?"

"पाणी. पी लवकर. सूर्य हाय अजून."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "दत्ता, सूर्य बुडायच्या दोन घटका आधी तोंड बंद असतंय रं आमचं."

एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. हे मला माहीत आहे, पंचांगात असतं. पण पाणी त्याच्यावर चालतं हे माहीत नव्हतं.

"तू व्हय म्हणालतास की."

"आधी चालतंय का, असं विचारलास. म्हटलं व्हय, आधीच. किती आधी, त्ये कुठं विचारलंस? आमच्या घरात त्ये कुणी विचारत न्हाय. सगळ्यांस्नी ठावं असतंय."

शेजारी बसलेला गोलकीपर म्हणाला, "ह्याच्या घड्याळात आत्ताच चांदण्या पडल्यात." दोघंतिघं हसले. सन्मतीही हसला. मला हसू आलं नाही. मॅचआधी मीच त्याला कमी पाणी दिलं होतं.

"चूळ तरी भर. थुंकून टाक."

"आत गेलं तर?"

मी मॅडमना सांगितलं, मॅडमनी सरांना. सर सन्मतीसमोर उभे राहिले. "अभी निकालूँ?"

"नहीं सर. चलता है मेरेको."

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मैं नज़र रखती हूँ. मैंने हाथ किया तो निकालना." त्यानंतर माझं काम एवढंच उरलं, की बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवायचे आणि खेळ थांबला की त्याच्या मानेवर टाकायचे. तोंडावरून ओघळणारं पाणी तो ओठ घट्ट मिटून पुसायचा.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी गोल केला. मग सन्मतीच्या कॉर्नरवर आमचा झाला. गॅलरी उभी राहिली. मी घड्याळ बघत होतो. शेवटची काही मिनिटं उरली असताना आमचा डिफेंडर खांद्यावर पडला आणि त्याला उठता येईना. सरांना त्याला बदलावंच लागलं. राखून ठेवलेला चेंज तिथं गेला.

नव्वद मिनिटं संपली. एक-एक.

एक्स्ट्रा टाइमच्या आधी थोडी विश्रांती असते. फ्लडलाईट लागले होते. सगळे घटाघटा पाणी पीत होते. सन्मती पाण्याच्या क्रेटकडं पाठ करून बसला होता. मी त्याच्या पोटऱ्या चोळत होतो. त्या लाकडासारख्या लागत होत्या.

"उतर खाली," मी म्हणालो. "दहा जणांवर खेळतील."

"दहा जणांवर खेळलो तर उद्या आपण कुठल्या डिव्हिजनात असतोय, सांग."

मी दुसरी पोटरी चोळायला घेतली.

तो बराच वेळ टिकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. मग पळता पळता त्याची एक पोटरी आखडली. मी आत धावलो, पाय वर धरून ताणला. गाठ सुटली. लगेच दुसरा पाय आखडला. मग मला त्याचे हात दिसले. बोटं आत वळली होती आणि त्याला ती सरळ करता येत नव्हती. मॅडमनी लाईनीवरूनच हात वर केला.

स्ट्रेचर आलं. मॅडमना मैदान सोडता येत नव्हतं, म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये मी बसलो. गेटपाशी आप्पा उभेच होते. दार बंद व्हायच्या आत चढले.

"काय झालंय ह्येला?"

"पाणी कमी पडलंय आप्पा."

"पाणी काय कमी पडतंय, आमच्या हिरीला बारमाही हाय," असं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि सन्मतीच्या कपाळावरचा घाम पुसला.

दवाखान्यात डॉक्टर सलाईन लावायला आले तर सन्मतीनं हात मागं घेतला.

"आप्पा, चालतंय का?"

"नियम तोंडाला हाय, शिरेला न्हाय. आजाऱ्याला औषध चालतंय. गप पड."

"महाराजांनी सांगितलंय व्हय तसं?"

"मग आत्ता विचारू काय? रातचं मौन असतंय त्येंचं."

सन्मतीनं हात पुढं केला. डॉक्टरांनी हसू दाबत सुई लावली.

मग वाट बघणं सुरू झालं. त्याच्या बोटांची आणि मॅचची. माझा मोबाईल मैदानावर बॅगेत राहिला होता. आप्पांच्या बटणाच्या फोनवरून आम्ही सन्मतीच्याच नंबरला लावून बघितलं. तो ड्रेसिंग रूममध्ये वाजत असणार. मॅडमचा नंबर मला पाठ नव्हता. वॉर्डबाहेरच्या टीव्हीवर कन्नड मालिका चालू होती आणि समोर बसलेल्या आज्जींना चॅनेल बदला म्हणायचा मला धीर झाला नाही. सन्मती डोळे मिटून पडला होता. मध्येच म्हणाला, "शूटआऊटपर्यंत गेलं असंल का रं?" बरोबरी राहिली तर शेवटी पेनल्ट्या मारून निकाल लावतात, त्याला शूटआऊट म्हणतात. पहिली पेनल्टी नेहमी सन्मतीच मारतो. मी म्हणालो, "तू बोलू नको."

त्या बाकड्यावर बसून मला जे सुचलं ते इथं लिहितो, कारण माझ्यासारख्या कुणाला उपयोगी पडेल. माणसाला त्याच्या नियमाबद्दल विचारताना 'चालतंय का' असं विचारू नये. 'शेवटचा घोट कधी' असं विचारावं. आमच्या पुस्तकात घामाचं गणित आहे, क्षाराचं आहे. हा प्रश्न नाही.

दुसरी सलाईन अर्ध्यावर आली तेव्हा आप्पांचा फोन वाजला. क्लबमध्ये त्यांचा नंबर होता, त्यावर मॅडमनी लावला होता. आप्पांनी फोन माझ्याकडं दिला.

"बोटं?"

"सरळ झाली मॅडम."

"पल्स?"

मी सांगितली.

"लघवी?"

"झाली. रंग चहासारखाच आहे, पण आता दुधाचा म्हणता येईल."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सकाळपर्यंत ठेवून घेणार आहेत."

"बरं. तू तिथंच थांब. मी येते."

त्या फोन ठेवणार असं वाटलं, म्हणून मी घाईनं विचारलं, "मॅडम, मॅच?"

पलीकडं काही आवाज नव्हता. गॅलरीचा नाही, पोरांचा नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"न्हाय."

"शूटआऊट झाला. शेवटची पेनल्टी बारला लागली. खाली गेलो, दत्ता."

बटणाचे फोन मोठ्यानं बोलतात. सन्मतीला मला वेगळं सांगावं लागलं नाही.