कोर्टाने सांभाळलेला माझा उपवास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीराला, म्हणजे बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझी साधी पोटदुखीसुद्धा लपत नाही. तुला का सांगतोय? माहीत नाही. तू आधी हसशील. हस. मीही कितीतरी दिवस ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

इथे इंग्लंडमध्ये मतदारयादीतून नावं काढून ज्युरीवर बोलावतात. माझं नाव निघालं. दिवाणी खटल्याला ज्युरी क्वचितच असते, पण आमचा खटला तसा होता. पोलिसांनी आपल्याला विनाकारण रात्रभर कोठडीत ठेवलं, असा एका तरुण वायरमनचा दावा. निकाल द्यायला आम्ही आठ जण – कुणी बसड्रायव्हर, कुणी नर्स, आणि मी, मूळचा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. निर्णय घ्यायला आत गेलं की फोन जमा, दार बंद, आणि दुपारचं जेवण सरकारी खर्चाने. मी थक्क झालो. विचार कर ना – पोलीस सरकारचे, आणि त्यांना चूक ठरवू शकणाऱ्या माणसांना जेवू घालणारंही सरकारच! का, तर उपाशीपोटी कुणी घाईने निकाल देऊ नये. साधी सँडविचेस असतात, पण त्या कल्पनेनेच मला भरून आलं.

आणि त्याच जेवणाचं मी काय केलं?

शुक्रवारी आम्ही आत जाणार होतो. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात माझी मुख्य भूमिका, आणि त्याच दिवशी तालीम. दिग्दर्शक सुहासचा सकाळीच मेसेज – "आज चारला शार्प ये रे, प्लीज. हॉल कौन्सिलचा आहे, सातला लॉक करतात. तू नसलास तर फर्स्ट अ‍ॅक्ट उभाच राहत नाही." सांगायला लाज वाटते, पण ते वाचून मी सुखावलो. कोर्टात ज्युरीचं सगळं बघणारी जॅनेट सँडविचची ऑर्डर घ्यायला आली, तेव्हा मी म्हणालो, आज संकष्टी आहे, माझा उपवास आहे. वाटलं, उपाशी माणसाला लवकर सोडतील. घरून मी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाऊन निघालो होतो. आणि संकष्टी कधी असते, हे मला कॅलेंडर पाहिल्याशिवाय आजही सांगता येत नाही.

जॅनेट एकदम गंभीर झाली. "मग तुम्हाला काय चालतं?" मी आठवतील ते नियम सांगत सुटलो – धान्य नको, बटाटा चालतो, दाणे चालतात, आणि हो, भांड्याला मांस लागलेलं नको. "म्हणजे ब्रेड नाही, पण बटाटा चालेल? बरं, लव्ह," असं इथल्या बायका कुणालाही म्हणतात तसं म्हणत ती गेली. दुपारी उकडलेले बटाटे आले. केळी, दाणे, दही. पातेलं तिने स्वतः दोनदा घासून घेतलं होतं. नर्सबाई आपलं हॅम सँडविच घेऊन माझ्यापासून लांब, खिडकीपाशी जाऊन बसल्या. देवळातसुद्धा माझ्याशी कुणी इतक्या आदराने वागलेलं नाही.

तिथे तरी थांबायला हवं होतं. पण पोट भरलं आणि लवकर सुटायची सबबच गेली ना! मग मी जॅनेटबरोबर निरोप पाठवला – मला सूर्यास्ताच्या आत घरी पूजा मांडावी लागते. डिसेंबर होता. इथे तेव्हा चारच्या आधीच अंधारतं.

आम्हाला पुन्हा कोर्टात नेलं. जज्ज मला म्हणाले की धर्म आणि कर्तव्य यांतलं एक निवडायची वेळ माझ्या कोर्टात कुणावर येऊ नये. आणखी थोडा वेळ थांबणं तुम्हाला जमेल का, हे तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू. एवढं मोठं कोर्ट – आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मागच्या बाकावर वायरमनचे वडील होते. जमैकाहून आलेले. साक्ष देताना त्यांनी सांगितलं होतं – शनिवारचं विमान आहे, त्याआधी निकाल कानांनी ऐकायचाय. मला ते माहीत होतं. अगदी नीट आठवत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "सॉरी, युअर ऑनर. नाही जमणार."

काम सोमवारवर गेलं. आणि त्या म्हाताऱ्या माणसाने – चिडायचं सोडून – छातीवर हात ठेवून माझ्यापुढे मान झुकवली. देव मानणाऱ्या माणसाने देव मानणाऱ्याला ओळख द्यावी तशी. मी तालमीला गेलो. काम झकास झालं, असं सुहास म्हणाला.

आत आमच्यात काय बोलणं झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे, मी सांगतही नाही. निकाल मात्र सोमवारी उघड कोर्टात लागला. वायरमन जिंकला. ऐकताक्षणी तो मागे वळला. तिथे कुणी नव्हतं. मग आमच्याकडे वळून एकेकाकडे बघत थँक यू म्हणत गेला. माझ्याकडे बघूनही म्हणाला. मी मान हलवून ते घेतलं.