‘कबूल’ या शब्दाशी भांडणारे वकील

आदरणीय भास्करराव वेलणकर यांची आणि माझी पहिली भेट कोर्टाच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या भेटीत ते माझ्या अंगावर खेकसले. आठवण हृद्य असावी, असे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवले आहे. माझ्याकडे आहे ती ही अशी आहे. माझ्या हातात झेंडूचा हार होता, पाठीमागे डिलाईल रोडवरची आमची निम्मी चाळ घोषणा देत उभी होती, आणि काळा डगला घातलेले एक किडकिडीत गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले नि म्हणाले, “हार कसला घालताय, बाई? तुमच्या भावानं आत काय कबूल केलं, ते तरी ठाऊक आहे का?”

ठाऊक नव्हते. आमच्यापैकी कुणालाच नव्हते. ज्याने कबूल केले, त्यालाही नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. माझा थोरला भाऊ दत्ताराम, आमचा दादा, गिरणीच्या कापडखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, काम करीत असे. जमावबंदी मोडून स्वतःला अटक करवून घेणाऱ्या सत्याग्रहींना आमच्या विभागातल्या पुढाऱ्यांनी एकच मंत्र दिला होता. कोर्टात विचारले की मान ताठ ठेवून ‘कबूल’ म्हणायचे. वकील द्यायचा नाही, बचाव करायचा नाही. सत्याग्रहाला ते शोभतही होते. ज्याने चारचौघांत हुकूम मोडला, त्याने तो मोडला असे सांगण्यात कमीपणा कसला?

पण दादाला सत्याग्रहात पकडलेच नव्हते. आमच्या रस्त्यावर दगडफेक झाली, त्यात एक हवालदार जायबंदी झाला, आणि नंतर पोलिस चाळीत शिरून हाताला लागतील ते तरुण घेऊन गेले. दादा पाळी संपवून नुकताच जिना चढत होता. दगड पडले त्या वेळी तो साच्यावर उभा होता, हे सबंध खात्याने पाहिले होते. त्याच्यावर आरोप ठेवला तो मात्र दंगलीचा आणि हवालदाराला जखमी केल्याचा.

आरोप इंग्रजीत वाचला गेला. दुभाष्याने त्याचे मराठीत काहीतरी पुटपुटून टाकले आणि शेवटचे तेवढे मोठ्याने विचारले, “गुन्हा कबूल आहे?”

दादाने छाती पुढे काढली. “कबूल! संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!”

त्याला वाटले, महाराष्ट्र मागितल्याबद्दल विचारताहेत.

भास्करराव त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी तिथे बसले होते. ते ताडकन उठले. या आरोपीला आरोप समजलेलाच नाही, तो त्याच्या भाषेत समजावून द्यावा आणि त्याला वकिलाशी बोलू द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. मॅजिस्ट्रेटनी दादाला विचारले, “वकील हवा आहे?” दादाने मागे वळून पाहिले. मागच्या बाकावर आमच्या विभागाचे मुख्य पुढारी बसले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “नको,” दादा म्हणाला. त्याला सक्तमजुरी झाली, आणि आम्ही बाहेर हार घेऊन उभे होतो.

त्याच संध्याकाळी भास्करराव पत्ता शोधत आमच्या खोलीवर आले. गिरगावातल्या फणसवाडीत राहणारा वकील न बोलावता गिरणगावात येतो, हेच चाळीला नवल होते. आमची आये दारातच बसली होती. मालवण सोडून तिला वर्षे झाली होती, पण तिची बोली काही सुटली नव्हती. ती म्हणाली, “वकीलसायबानु, माझो झील खोटा बोलूचो नाय. तेणी खरा सांगल्यान, मगे तेका शिक्षा कित्याक?”

भास्करराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. “आई, तो आज खोटं बोलला. त्यानं दगड मारला नव्हता आणि मारला म्हणून सांगितलं. एका निरपराध माणसाला त्यानं तुरुंगात पाठवलं. तो माणूस तो स्वतः आहे, एवढंच.”

आये म्हणाली, “तेका ह्या कोणी शिकयल्यान?” याचे उत्तर सगळ्या चाळीला माहीत होते.

भास्कररावांनी दादाचे प्रकरण हायकोर्टात नेले. तिथे आम्हाला कळले की कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील चालते ते शिक्षा कमीजास्त करण्यापुरते. गुन्हा घडला की नाही, हे मग कुणी विचारत नाही. कापडखात्यातले साथीदार साक्षीला तयार होते, जॉबर म्हणजे खात्याचा मुकादमही तयार होता, पण ऐकणारे कुणी नव्हते. शिक्षा थोडी कमी झाली, गुन्हेगार हा शिक्का राहिला. निकाल कळवायला एक पोस्टकार्ड पुरले असते, पण भास्करराव स्वतः तुरुंगात गेले. मी बरोबर होते. गजाआडच्या दादाला त्यांनी सरळ सांगितले, “दत्ताराम, मी हरलो.”

दादा म्हणाला, “साहेब, मी चुकीचं बोललो काय?”

“तुम्ही नाही. तुम्हाला शिकवणारे चुकले.”

सुटून आल्यावर दादाचा जाहीर सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. दुसऱ्या दिवशी तो गिरणीत गेला, तर दंगलखोराला इथे काम नाही, असे सांगून गिरणीनेही त्याला नारळ दिला. पुढाऱ्यांनी भाषणात त्याला वीर म्हटले होते. त्या वीराला वखारीत लाकडे वाहण्याखेरीज काम मिळाले नाही. पुढे कुठेही खुट्ट झाले की पोलिस पहिल्यांदा आमचेच दार ठोठावत. शिक्षा झालेला माणूस त्यांना बरा सापडला होता.

भास्कररावांचे खरे कार्य इथून सुरू झाले, आणि या ग्रंथातील इतर लेखांत त्याचा उल्लेख बहुधा नसेल, म्हणून मी तो करते. ते डिलाईल रोड, चिंचपोकळी, लालबाग इथल्या चाळींतून वर्ग घेऊ लागले. लोक त्याला ‘नाकबूलचा वर्ग’ म्हणत. पकडले तर कशासाठी पकडले ते विचारा. वकिलाला भेटण्याचा तुमचा हक्क आहे, तो मागा. एका दिवसाच्या आत तुम्हाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. मारहाण झाली असेल तर तिथे अंगावरचे वळ दाखवा, लाजू नका. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, पण कोऱ्या कागदावर अंगठा उठवलात तर त्यावर पुढे काय लिहिले जाईल, ते देवालाही सांगता येणार नाही. आरोप समजला नाही तर ‘समजला नाही’ म्हणा, शंभरदा म्हणा.

एवढे सगळे लोक आनंदाने शिकत. अडत ते शेवटच्या शब्दावर. ‘नाकबूल’ त्यांच्या तोंडून निघेना. तो शब्द त्यांना खोटारडा आणि भेकड वाटे. भास्करराव मग नाटक बसवीत. मला ते मॅजिस्ट्रेट करीत, कारण, त्यांच्या मते, माझा चेहरा मुळातच शिक्षा ठोठावणारा होता. समोर एखादा दांडगा गिरणी कामगार आरोपी म्हणून उभा राही. मी विचारी, “गुन्हा कबूल आहे?” आणि तो गडी हटकून म्हणे, “कबूल, बाई!” बायका हसून लोळत. भास्करराव तेवढे हसत नसत.

“अरे, नाकबूल म्हणजे खोटं नव्हे,” ते ओरडत. “नाकबूल म्हणजे ‘सिद्ध करा’. ते सिद्ध करायचं काम त्यांचं आहे. तू त्यांचा पगारी नोकर आहेस का?”

त्यांचा राग मोठा होता, हेही सांगितले पाहिजे. शिकवलेले विसरणाऱ्याला ते गाढव म्हणत, आणि मागाहून स्वतःच चहा मागवून त्याची समजूत काढीत. पण त्या रागाने किती जण वाचले! आमच्या शेजारच्या पार्वतीबाईंच्या नवऱ्याला नेल्यावर शिपाई कोरा कागद घेऊन त्यांच्याकडे आला. पार्वतीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. “माझा अंगठा वकील आल्याबिगर भाईर येत नाय,” त्या म्हणाल्या. शिपाई कागद घेऊन परत गेला. त्यांच्या नवऱ्याने कोर्टात ‘नाकबूल’ म्हटले, पोलिसांना साक्षीदार उभा करता आला नाही आणि तो सुटला. त्याच्यासाठी कुणी हार आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

पुढाऱ्यांना हे खपले नाही. तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या सभेत सांगायची असते, सुटणाऱ्यांची नव्हे. हा वकील कामगारांना पळपुटे बनवतो आहे, असे व्यासपीठावरून बोलले गेले. एके दिवशी फणसवाडीत भास्कररावांच्या दाराला कुणी हिरव्या बांगड्यांचा जुडगा टांगला. त्यांच्या पत्नी शांताबाई बाहेर आल्या, बांगड्या सोडल्या, तिथल्या तिथे हातात चढवल्या आणि जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, “मापाच्या आहेत हो. आणणाऱ्याला माझं माप कसं ठाऊक, तेवढं विचारायला हवं.” फणसवाडी हसली. मराठी माणसांसाठी झटणाऱ्या माणसाला मराठी माणसांनीच बांगड्या पाठवाव्यात, हे भास्कररावांना मात्र लागले होते. मलाही लागले होते, आणि अजून लागते आहे.

पुढे त्यांनी मला आपल्या कार्यालयात कारकून म्हणून घेतले. वकिलाकडे बाई कारकून, यावरही गिरगावात कुजबुज झाली. ती त्यांनी कानाआड केली आणि मला कायद्याची पुस्तके वाचायला लावली.

मग राज्य आले. रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. ज्यांनी दादाला मान हलवून खुणावले होते, ते पुढारी पक्ष बदलून आता सत्तेच्या खुर्चीवर होते. भास्कररावांना वाटले, आता एका सहीचे काम आहे. दादाला आणि मला घेऊन ते त्यांच्याकडे गेले. दादाची शिक्षा माफ करून त्याचे नाव स्वच्छ करावे, असा अर्ज त्यांनी पुढे ठेवला. पुढाऱ्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि अगदी सौजन्याने म्हणाले, “वेलणकर, माझी सहानुभूती आहे हो. पण यानं तर स्वतःच कबूल केलं होतं ना?”

दादा माझ्या शेजारीच उभा होता. त्याने खाली मान घातली. बाहेर आल्यावर दादाच म्हणाला, “साहेब, सोडा आता. तुम्हाला उगाच तरास.”

भास्कररावांनी सोडले नाही. सरकारे बदलली, खुर्चीतले चेहरे बदलले, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याकडे दत्ताराम सावंत या कामगाराचा अर्ज गेला. कधी ‘विचाराधीन’ असे उत्तर आले, बहुतेकदा काहीच आले नाही. अमृतमहोत्सव समितीच्या सन्माननीय सदस्यांत ते पुढारीही आहेत, आणि त्यांचा शुभसंदेश या ग्रंथात आरंभी छापला जाणार आहे, असे मी ऐकते. त्यांनी भास्कररावांना ‘अन्यायाविरुद्ध लढणारा योद्धा’ म्हटले आहे म्हणे. संपादकांनी माझा हा परिच्छेद गाळला, तर मला आजवर कळलेल्या न्यायाला ते धरूनच होईल.

दादा मागच्या वर्षी गेला. सरकारदरबारी तो शिक्षा झालेला गुन्हेगार म्हणूनच गेला. दिवस झाल्यावर भास्करराव घरी आले. आता ते काठी घेऊन चालतात, डोळ्यांना कमी दिसते. मी म्हटले, “वकीलसाहेब, आता तरी थांबा. ज्याच्यासाठी अर्ज करायचा तो माणूसच राहिला नाही.” त्यावर ते माझ्यावर पूर्वीसारखेच खेकसले. “माणूस मेला म्हणून खोटं खरं होतं का, सुलोचनाबाई? बसा, अर्जाचा मजकूर लिहून घ्या.” मी बसले आणि मजकूर घेतला.

भास्कररावांना पंचाहत्तरीनिमित्त मी दीर्घायुष्य चिंतिते. त्यांची दृष्टी टिको, पाय टिकोत, आणि तो रागही टिको. ही निव्वळ सदिच्छा नाही, यात माझा स्वार्थ आहे. आये गेली, साच्यावरचे साथीदार गेले, जॉबर गेला. दादाने दगड मारला नव्हता, हे चार माणसांत उभे राहून ठणकावून सांगणारे आता ते एकटे उरले आहेत. माझ्या म्हणण्याला किंमत नाही, मी बहीण आहे. म्हणून भास्करराव, तुम्ही जगा. तुम्ही आहात तोवर माझा भाऊ निर्दोष आहे.

– सुलोचना सावंत