न मोजलेला आकडा

“गुरुजी, आकडा बोला.”

मीटरच्या वायरी बॅटरीला लावून तो तोंड फिरवून उभा राहायचा. स्वतः बघायचा नाही. आपण बघितलं की मनाला हवा तोच आकडा दिसतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी शाळामास्तर, आणि आमच्या आळीच्या बोटीची किल्ली माझ्याकडे असते.

महाडला सावित्रीचं पाणी घरात शिरतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यासाठी आळीने वर्गणी काढून मोटारीची बोट घेतली आहे. आकडा विचारणारा हा मूळचा उमरठचा, महामार्गालगत ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान चालवणारा. त्यामुळे बोटीची बॅटरीही त्याच्याच गळ्यात पडली. दर शनिवारी सकाळी पाण्याच्या पिंपात मोटारीचा पंखा बुडवून ती चालू करायची. बंद असताना मीटर साडेबारा व्होल्ट दाखवतो. चालू केल्यावर तो चौदापर्यंत चढला, तर मोटार बॅटरी भरते आहे. नाही चढला, तर बॅटरी नुसतीच संपत जाणार आणि ऐन पुरात मोटार बंद पडणार.

मोटार सुरू झाली की तो बोटीभोवती येरझारा घालायचा.

“चढला?”

“चढतोय.”

“चढतोय नको. आकडा बोला.”

त्याच्यासाठी आणलेला चहा दर शनिवारी गार व्हायचा. “आत कोणी बाळंत होतंय का रे?” मी चिडवायचो. तो हसायचाही नाही. मला त्याचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू.

पहिल्या वर्षी मीटर नव्हता. जुने ट्रकवाले चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघतात. इंजिन बंद पडलं नाही, तर चार्जिंग आहे असं धरतात. त्याने बोटीलाही तेच केलं. मोटार चालत राहिली. “हाय चार्जिंग,” तो म्हणाला आणि आम्ही खूश झालो. त्या एका झटक्यात आतला चार्जिंगचा भाग जळून गेला होता, ते पुरातच कळलं. तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी मोटार उचलेचना, आणि समोरच्या कौलांवर एक म्हातारी बसलेली. वल्ही मारत तिच्यापर्यंत पोचायला तासभर गेला. म्हातारी वाचली. “आलास ना रे बाबा, बास झाला,” एवढंच तिने म्हटलं. त्याला मात्र ते बास झालं नाही.

“न मोजता हाय बोललो, गुरुजी,” हे त्याने मला कितीदा ऐकवलं असेल.

मागच्या वर्षी छातीचं दुखणं निघालं आणि मुलाने त्याला मुंबईला नेलं. तिथूनही दर शनिवारी दहाला फोन यायचा. मी मोटार चालू करून आकडा सांगायचो, आणि मगच तो माझ्या तब्येतीची चौकशी करायचा.

मेच्या शेवटच्या शनिवारी मी पाचाडला भाचीच्या साखरपुड्यात होतो. हातात ताट, आजूबाजूला गलका. फोन वाजला.

“आकडा बोला.”

बोटीची किल्ली माझ्या खिशात होती.

“चौदा,” मी म्हणालो.

“बरा झाला. रातभर डोला नाय लागला. आता जरा पडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. काल फोन ठेवून पडला, तो उठलाच नाही.

मी तडक बोटीकडे गेलो. पिंप भरलं, मोटार चालू केली, वायरी लावल्या. बारा पॉइंट तीन. मोटारीचा वेग वाढवला. बारा तीनच. उंदराने आतली वायर कुरतडली होती. पोलादपूरहून एकाला बोलावलं, त्याने संध्याकाळच्या आत ती बदलली आणि मीटर चौदा दोनवर गेला. म्हणजे पावसाआधी सगळं निभावलं. पण तो माझ्या खोट्या आकड्यावर निजला, याची मला लाज वाटते.

वायर बदलणारा गेल्यावरही मी मोटार बंद केली नाही. आकडा बघत उभा राहिलो. मग त्याचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली.