बिनसाखरेचे टोस्ट

बेकरीच्या दारावरची पाटी भट्टीवाल्याने स्वतः रंगवली होती : 'बिनसाखरेचे टोस्ट. मधुमेहींनी निर्धास्त खावेत.' थोरला भाऊ मधुमेहाने गेल्यापासून त्याने साखरेशी उभा दावा मांडला होता. या टोस्टच्या पिठात तो साखरेचा कणही पडू देत नसे. पहिली ताजी पुडी रोज वहिनींकडे जाई.

त्या वहिनींच्या टाचेची जखम महिना उलटला तरी भरेना, म्हणून तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. रिपोर्ट चाळत डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, गोड खाता?"

"छे हो. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यात टोस्ट बुडवते, तेवढंच."

"किती?"

"चार. कधी सहा. स्वयंपाकाचा कंटाळा आला की जेवणच ते."

"टोस्ट मैद्याचे ना? मैदा पोटात गेला की त्याची भराभर साखरच होते. ती रक्तातून पेशींत न्यायला इन्सुलिन लागतं, आणि ते तुमच्या अंगात पुरं पडत नाही. रक्तात साखर साचली की जखम भरत नाही. आधी भाजी, डाळ खात जा; भात त्यानंतर, तोही थोडा. टोस्ट चालतात असं सांगितलं कुणी?"

भट्टीवाला बाहीवरचा मैदा झटकू लागला.

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. "माझीच जीभ चटावली."

पायऱ्या उतरताना त्याने विचारले, "वहिनी, माझं नाव का नाही घेतलंत?"

"त्या बाईंनी तुम्हाला तिथेच तिंबलं असतं, भाऊजी. माझी टाच सांभाळू की तुमची पाठ शेकू?"

त्याला हसता आले नाही. वहिनींनी चार शब्द सुनावले असते, तर एवढे मेल्याहून मेल्यासारखे झाले नसते.

संध्याकाळी ऐन गर्दीत तो स्टुलावर चढून पाटी उतरवू लागला. रांगेत पुढे उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमनने विचारले, "काय हो, संपले की काय टोस्ट?"

नुसते 'हो' म्हणणे पुरेसे होते. वहिनींनी झाकलेली अब्रू आणखी थोडे दिवस झाकली गेली असती.

"संपले नाहीत. तुम्हाला द्यायचे नाहीत. साखर नाही, पण मैदा आहे. त्यानंही साखर वाढते. मला ठाऊक नव्हतं."

"वर्षभर खातोय मी. तुमच्या शब्दावर."

"रक्त तपासून घ्या, काका."

पोस्टमनने हातातली रिकामी पिशवी काउंटरवर ठेवली आणि मागच्या रांगेकडे पाहिले. "यांना मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतो," भट्टीवाला म्हणाला, आणि स्टुलावरून खाली उतरला.