दीडशे किलोमीटरवरचा आवाज

टेकडीवरच्या रेडिओ केंद्रात तंत्रज्ञाची चौदा वर्षं गेली. शहरातल्या मुख्य केंद्राचे कार्यक्रम छतावरच्या डिशने पकडायचे, ट्रान्समीटरने वाढवायचे आणि मनोऱ्यावरच्या अँटेनांमधून खोऱ्यातल्या गावांकडे सोडायचे, हे त्याचं काम. आणि मुख्य केंद्रावर दुपारची निवेदिका होती त्याची बायको.

बायकोचा आवाज रोज दोन तास खोलीत, आणि बायको दीडशे किलोमीटरवर! बदलीचे सहा अर्ज फायलीत जिरले.

"साहेब, बायको बोलतेय आणि बटण तुमच्या हातात," पहारेकरी चेष्टा करायचा. "असं नशीब कुणाचं?"

तो हसायचा. पण तिला सर्दी झाली की पहिल्या वाक्यातच त्याला कळायचं, आणि इथे बसून नुसतं कळून काय उपयोग?

ती निवृत्त होणार त्या दुपारी वारा नुसता पिसाटला होता. तिचं शेवटचं निवेदन सुरू होणार, तोच डिशचा एक टेकू निसटला, डिशचं तोंड फिरलं आणि स्पीकरमधून खरखर सुरू झाली. तो पाना घेऊन छतावर धावला.

"अहो, जिवाची काही पर्वा?" पहारेकरी ओरडला.

"तू मीटरकडे बघ! सुई चढली की सांग!"

बोटं सोलली, तरी तो डिश तसूतसूने फिरवत राहिला. शेवटी खालून हाक आली, "चढली!" आणि स्पीकर बोलला, "...आपला निरोप घेते. नमस्कार." मग नुसतं संगीत. तो पाना हातात धरून छतावरच बसून राहिला.

वर्षभराने तोही निवृत्त होऊन घरी आला. दोघं एका छपराखाली आली खरी, पण जन्मभर बोलून ती दमली होती, आता मोजकंच बोलायची. दुपार झाली की ती आत झोपायची, आणि बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या त्याला तिची आठवण यायची.

एकदा चहा घेताना त्याने विचारलंच, "त्या शेवटच्या दिवशी निरोपाआधी काय बोललीस गं? माझं हुकलं."

"काय बोलणार? वेळ सांगितली, हवामान सांगितलं. तुमच्या भागात वाऱ्याचा इशारा होता. तो जरा सावकाश वाचला."

"सावकाश?"

"तुम्हाला नीट ऐकू जावा म्हणून."

त्याने कप खाली ठेवला. "पुन्हा म्हण ना."

"अहो, आता कुठे आठवतोय?" ती म्हणाली. तरीही तिने घसा खाकरला.