सहा वेळा ५.८

मॅडमजी ग्रीनहाउसच्या दारात आल्या की आधी डोळे मिटून पंपाचा आवाज ऐकायच्या. तो नीट चालू आहे अशी खात्री झाली की मगच जंतुनाशकात पाय बुडवून आत. आम्ही सोळा शिकाऊ मागे गप्प उभे.

"आवाज आला नाही तर?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"तर चाळीस मिनिटं. उन्हाळ्यात पंचवीस. जगतापजी, मातीतलं झाड दोन दिवस तग धरतं. इथे माती नाही. पाणी थांबलं की संपलं."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पोलोग्राउंडवरचा कारखाना बंद पडला आणि एकोणीस वर्षांची नोकरी गेली. छत्रीबागेतलं घर, दोन मुलांची शिक्षणं, आईची औषधं. शहराबाहेर, राऊच्या पुढे हे भाजीचं ग्रीनहाउस निघालं होतं. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, पास झालं तर पक्की नोकरी. या वयात दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं. मॅडमजी नाशिककडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पण मला त्यांची भीती वाटायची.

आणि मॅडमजी भीतीच शिकवायच्या. "बहादुर आदमी मुझे नहीं चाहिए," असं स्पष्ट सांगायच्या. एकाच टाकीचं पाणी चोवीसशे लेट्यूसना जायचं, म्हणजे एकाची चूक चोवीसशेंना. आमच्यातली सुगनबाई एकदा म्हणाली, "मॅडमजी, अब तो सपने में बी पंप सुनाई देता है!"

"अच्छा है, सुनती रहो," मॅडमजी म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

चुकीबद्दल त्या कधी ओरडल्या नाहीत. "चूक झाली तर सांगा, मी आहे. खोटं लिहिलंत तर गेट तिकडे आहे." संशय आला की त्या एकदाच विचारायच्या. माझ्यासमोर दोघे खोटं बोलले आणि त्याच दिवशी गेले.

माझं रजिस्टर सगळ्यांत नीट होतं. दर तासाला पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजून लिहायचा. त्याआधी रोज सकाळी मीटर ठरावीक द्रावणात बुडवून तपासायचं आणि तशी खूण करायची. नवव्या आठवड्यात एका सकाळी बस चुकली, उशीर झाला. मी मीटर न तपासताच खूण केली. आयुष्यात केलेली पहिली खोटी नोंद. मग दर तासाला आकडा लिहीत गेलो. ५.८. उत्तम आकडा. सहा वेळा तोच.

दुपारी मॅडमजींनी रजिस्टर उघडलं. बोट त्या रकान्यावरून सावकाश खाली आलं.

"सहा तास एकच आकडा? झाडं जिवंत आहेत, जगतापजी. पाणी पितात. आकडा थोडा तरी हलतोच."

मी वाकून तो रकाना पुन्हा वाचला.

"सकाळी मीटर तपासलं होतं?"

समोर माझीच खूण होती. 'हो' म्हणणं सोपं होतं. डोळ्यांपुढे आईच्या गोळ्यांचा डबा आला, गेटही आलं.

"नाही," मी म्हणालो. "खूण खोटी आहे."

त्यांनी श्वास सोडला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, पंपाचा आवाज येत नव्हता. विचारायच्या आधीच त्यांनी आपल्या मीटरवर पाणी मोजलं होतं. ४.२. सकाळी टाकीत आम्ल जास्त पडलं होतं आणि बिघडलेलं मीटर ५.८ च दाखवत राहिलं होतं. पंप बंद करून त्यांनी ताजं पाणी भरायला लावलं होतं. प्रश्न पाण्याबद्दलचा नव्हताच.

"बघत काय बसलात? वीस मिनिटं उरलीत. पाइप धरा."

आम्ही धावलो. तीनशे दहा झाडं गेली. फेकताना मीच मोजली. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून त्या खुणेशेजारी लाल शाईनं 'तपासलं नाही' असं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

नोकरी पक्की झाली. वर्षभरानं त्यांना दुसऱ्या शहरातल्या कामावर बोलावलं. जाताना पुढची तुकडी त्यांनी माझ्यावर सोपवली.

"मॅडमजी, मला अजून रोज धडकी भरते."

"भरायलाच पाहिजे. ज्या दिवशी भरणार नाही त्या दिवशी फोन करा. मी दुसरा माणूस बघते." त्या दिवशी मात्र त्या हसल्या.

त्याला तीन वर्षं झाली. दिवाळीलाही मी त्यांना मेसेजच पाठवतो. फोनवर माझं नाव दिसलं तर त्या घाबरतील.