फरसाणवाल्याच्या काचेतला समुद्र

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवली की तिच्या कडांवर मिठाचा पांढरा थर चढतो. आज ओल्या फडक्याने पुसून घ्या, उद्या पुन्हा हजर! आमच्या टाकीचे किस्सेही तसेच. एकदा सगळे सांगून झाले असं वाटतं, आणि भिशीला कुणीतरी विचारतं, "काय हो सावंतवहिनी, तुमच्याकडे तो समुद्र होता ना?" की पुन्हा थर चढायला सुरुवात!

आमचे हे जहाजावर होते, इंजिनरूममध्ये. पुढे कान गेले, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी कागदावर 'अनफिट' लिहून यांना जमिनीवर उतरवलं. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो. तळोज्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. सगळं ठीक होतं, पण माणूस बोलायचाच बंद झाला. हसणं तर बोटीवरच राहिलं. संध्याकाळी घरी आले की समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. मी सोमवार धरले, चतुर्थ्या धरल्या, पालीच्या गणपतीला साकडं घातलं. आणि एक दिवस हे भिंतीकडे बघतच म्हणाले,

"इथे समुद्र ठेवला तर?"

मी म्हटलं, "ठेवा की! कॅलेंडर काढते."

तेवढ्या खिळ्याचीच काय ती अडचण होती, असं मला वाटलं होतं!

*

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. त्यात जिवंत खडक, रंगीत मासे, दगडावर उमलणारी समुद्रफुलं. बोटीवरून फिरताना परदेशी कुठे तरी यांनी तसली पाहिली होती. तिथल्या लोकांचा त्यावर होणारा खर्च ऐकला आणि मी आधी देवासमोर दिवा लावला.

पण यांचे दोन मित्र होते. एक उरणकडचे बाळाराम पाटील. मिठागरवाल्यांच्या घरातले, जमिनी नव्या शहराच्या सेक्टरांत गेल्या तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी एक मॅटॅडोर गाडी घेतली होती. दुसरे उस्मानभाई, जुन्या पनवेलला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. खर्चाचं नाव काढलं की दोघांचं एकच उत्तर, "इकत कशाला घ्यायचा?" आणि "बना लेंगे, भाभी!"

बाजारातलं एक फरसाणचं दुकान बंद होत होतं. त्याच्या काउंटरच्या जाड काचा यांनी आणल्या, कापून, चिकटवून टाकी बनवली. तीन वेळा धुतली तरी हिंगाचा वास जाईना. शेजारणी खिडकीतून डोकावून विचारायच्या, "काय, घरगुती शेव का?"

टाकी पहिल्यांदा भरली ती मिठाचं पाणी कालवून, नुसती चाचणी म्हणून. आणि ती एका सांध्यातून गळली. गळली म्हणजे थेंब थेंब, कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या गोखलेकाकू ताम्हन घेऊन वर आल्या. डोळ्यांत पाणी! "अहो, आमच्या देव्हाऱ्यावर पहाटेपासून आपोआप अभिषेक होतोय! सगळ्यांना तीर्थ दिलं. म्हटलं तुम्ही एवढी व्रतं करता, तुम्हाला आधी द्यायला हवं होतं."

मी हात पुढे केला. काकू पळी भरता भरता थांबल्या.

"जरा खारट आहे बरं का."

*

खरं पाणी उरणजवळच्या करंजा बंदराहून यायचं. बाळारामभाऊंच्या मावसभावाची होडी होती. धक्क्याजवळचं पाणी तेलकट, म्हणून भरतीच्या वेळी आत जाऊन कॅन भरायचे. मग मॅटॅडोरमधून पनवेलला. इथे मी ते माझ्या जुन्या सुती लुगड्यातून गाळायची आणि पिंपात झाकून ठेवायची. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी टाकीत.

एकदा वाटेत नाक्यावर गाडी अडवली. रांगेने कॅन बघून हवालदाराच्या डोळ्यांत चमक!

"काय आहे?"

"दर्या हाय, सायेब."

"नीट सांग. हातभट्टीची ना?"

"नाय वो! आमी माळकरी मानसा. खरा दर्या हाय. सावंतभाऊंच्या घरी नेतूय."

हवालदाराने झाकण काढलं, वास घेतला. समाधान होईना. शेवटी ओंजळ भरून त्याने सरळ तोंडात घेतली! मग जो काही थुंकला, की बाळारामभाऊंना हसूही दाबता येईना.

"अरे, तोंड धुवायला गोडं पाणी तरी आहे का?"

"नाय सायेब," बाळारामभाऊ हात जोडून म्हणाले, "आमच्याकरं निसता दर्याच हाय."

*

उस्मानभाईंची कमाल मला आजही वाटते. कूलरच्या पंपातून त्यांनी टाकीत लाटा केल्या. सलाईनच्या बाटलीतून फेस काढायचं यंत्र केलं, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर यायची. लाइट गेली की स्कूटरच्या बॅटरीवर हवा चालू. आणि आमच्याकडे लाइट जायची म्हणजे काय, येण्यापेक्षा जास्त वेळा जायची!

एकदा रमजानमध्ये पंप बिघडला. दुपारी कडक उन्हात उस्मानभाई आले. रोजा, घशाला पाण्याचा थेंब नाही, आणि बसले पाण्यात हात घालून. योगायोगाने माझाही सोमवार. मी म्हटलं, "भाई, तुम्हाला विचारते तरी काय, चहासुद्धा चालत नाही."

ते पंपाकडे बोट दाखवून म्हणाले, "भाभी, घरात तिघं आहोत. तुमचा उपास, माझा रोजा. खातोय तो हा एकटाच, आणि तोही करंट!"

संध्याकाळी अजान झाली तेव्हा मी त्यांच्यापुढे खजूर ठेवले आणि माझी साबुदाण्याची खिचडी. तेवढ्यात हे कामावरून आले, आणि आत जाऊन स्वतःसाठी तिसरी बशी घेऊन आमच्यात बसले.

*

नारळी पौर्णिमेला मी टाकीपुढे रांगोळी काढली, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बाळारामभाऊ बघतच राहिले.

"वैनी, आमी दर्याला नारल देतो. तुमी डबक्याला देताव?"

मी म्हटलं, "भाऊ, दर्याची लेक माहेर सोडून आपल्या घरी आली, तिची ओटी भरायला नको का?"

त्यानंतर बाळारामभाऊ टाकीपुढे यायच्या आधी चप्पल बाहेर काढायला लागले.

*

खारेपणा मोजायचं काचेचं यंत्र परदेशी मिळायचं. इथे कुठून आणणार? ह्यांनी डोकं चालवलं. दुधात पाणी किती ते बघायला डेअरीत लॅक्टोमीटर असतो ना, त्याच्या खुणा समुद्राच्या पाण्यालाही बरोबर जुळतात! एक जुना लॅक्टोमीटर मिळवला, आणि रोज सकाळी हे तो टाकीत तरंगत सोडून डोळे बारीक करून बघायचे.

एक दिवस दूध घालायला आलेल्या गवळ्याने दारातून ते पाहिलं. घागर त्याच्या हातातच राहिली.

"साहेब… ते काय करताय?"

ह्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, "रोज तपासतो. फरक पडला की लगेच कळतं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुधावर अशी साय धरायला लागली, की मी तुपाचा डबा मोठा आणला! वर गवळी रोज जाताना मला हळूच विचारायचा, "वहिनी, आज बरोबर आलं ना?"

*

पुढे एकदा करंजाच्या जाळ्यात एक दगड वर आला, आणि दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. बाळारामभाऊंनी ते ओल्या गोणपाटात, कॅनच्या पाण्यात, लेकरासारखं सांभाळून आणलं. ह्यांनी टाकीत ठेवलं. सगळे जमलो. पण फूल कसलं, मिटलेली मूठ! दिवसामागून दिवस गेले. मूठ उघडेना, उलट आक्रसत चालली.

हे पुन्हा गप्प होऊ लागले. एका संध्याकाळी म्हणाले, "हे गेलं की काचा काढून देऊ कुणाला तरी. पुरे झालं."

टाकीचं काय, काचा परत फरसाणाला गेल्या असत्या. पण तो माणूस पुन्हा भिंतीकडे बघत बसला असता!

मी देवापुढे बसले आणि मनात म्हटलं, फूल उमलेपर्यंत मी अळणी जेवेन. मिठाचा कण जिभेला लावणार नाही. समुद्रासाठी सोडायचं तर मीठच सोडायला हवं, नाही का? कुणाला सांगितलं नाही. व्रत बोलून दाखवलं की उणं होतं, असं माझी आई म्हणायची. ह्यांच्या पानात नेहमीप्रमाणे मीठ वाढायची, स्वतःची भाजी-आमटी आधी बाजूला काढून घ्यायची. ह्यांच्या आमटीत मीठ पडायचं ते अंदाजाने. नैवेद्याचं आपण कुठे चाखून बघतो?

*

आणि त्याच सुमाराला उस्मानभाईंच्या कोपराचा धक्का लागून लॅक्टोमीटर फुटला. नवा मुंबईहून यायला वेळ होता. ही बातमी कुणाला आधी कळली असेल? गवळ्याला! चार दिवसांत साय गेली.

उन्हाळ्याचे दिवस. टाकीतलं पाणी भराभर उडायचं. कमी झालं की हे पिंपातलं पाणी ओतायचे. समुद्रात घालायचा तो समुद्रच, असा ह्यांचा शिरस्ता. पण फुलाची मूठ आता सुपारीएवढी झाली होती.

एका रविवारी सकाळी तिघं टाकीपुढे बसले. हे म्हणाले, "पाण्यातच काहीतरी आहे. मोजल्याशिवाय कळणार नाही."

"मोजताव कशाला? चाखून बगा," बाळारामभाऊ म्हणाले.

ह्यांनी चाखलं. पण दातांना तपकीर लावून लावून ह्यांची जीभ गेलेली. उस्मानभाईंच्या तोंडात पान. बाळारामभाऊ म्हणाले, "माजी जीब मिठागरावरची हाय. मना समदाच गोड लागतो!"

मग तिघांनी एकदम मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी.

"भाभी!" उस्मानभाई म्हणाले. "ना पान, ना तंबाखू. सबसे साफ जबान!"

चाखावं तर व्रत मोडतं, आणि व्रत मोडलं तर फूल कसलं उमलणार? न चाखावं तर फूल आजउद्याचाच सोबती. बरं, सांगणार तरी काय? हे वाटी पुढे करून उभे होते. इतक्या आशेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

आणि मला गोखलेकाकूंचं ताम्हन आठवलं.

मी म्हटलं, "थांबा." हातपाय धुऊन आले. पदर खांद्यावरून घेतला. देव्हाऱ्यातली पळी आणली. सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात, मग त्याच्याहून मोठं तीर्थ कुठलं? आणि तीर्थाने उपास मोडत नाही! उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलं, डोळे मिटले, गंगा-यमुना-गोदावरीचं नाव घेतलं आणि प्यायले.

बाई गं! इतक्या दिवसांची अळणी जीभ ती! डोक्यात झिणझिण्या आल्या.

"काय गं?" हे म्हणाले. "कमी? जास्त?"

मला काही आकडा सांगता येईना. तोंडात आलं ते बोलले, "आटलेल्या आमटीसारखं लागतंय हो!"

हे वाटीकडे बघत होते. मग पिंपाकडे. मग पुन्हा वाटीकडे.

"आटलेल्या…" हे म्हणाले. "पाणी उडतं, मीठ खालीच राहतं. आणि वरून मी पुन्हा खारंच ओततोय! अरे, बॉयलरच्या पाण्यात मीठ वाढू देऊ नका म्हणून पोरांच्या अंगावर जन्मभर ओरडलो मी!"

आणि हे हसले. खो खो हसले! जहाज सुटल्यापासून पहिल्यांदा. बाळारामभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "सावंतभाऊ, आमटीत आमटी वतताव का कुनी?" उस्मानभाई तर पान बाहेर टाकायला बाल्कनीतच पळाले!

मग सलाईनची नळी लावून गोडं पाणी सोडलं, थेंब थेंब, सावकाश. आजारी माणसाला लावतात तसं. येता-जाता मी नळीला नमस्कार करायची.

पुढच्या रविवारी सकाळी मी पूजा करत होते. हॉलमधून ह्यांची हाक आली, नुसतीच, "अगं!" फुलवात तशीच सोडून धावले. टाकीत मूठ नव्हती. थाळीएवढं फिकट जांभळं फूल पाण्याच्या लाटेवर डुलत होतं.

निरोप गेले. दुपारी दोघंही जेवायला आले. मी पुरण घातलं होतं. तीन पानं मांडली, लिंबाची फोड ठेवली, शेजारी मीठ वाढलं, आणि तूप आणायला आत गेले. माझं पान मी नेहमी मागून घेते. पाहुणे असले की तशीच रीत.

तूप घेऊन बाहेर आले तर चौथं पान मांडलेलं! लिंबाची फोड, आणि फोडीशेजारी चिमूटभर मीठ. बोटांनी ठेवलेलं, वेडंवाकडं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी मिठाच्या बरणीला हात लावलेला मला आठवत नाही. आणि मी तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं!

मी तशीच उभी. हे मान वर न करता म्हणाले,

"बस आता. आमटी आटतेय."